ओढा, नाला आणि पाणथळ

प्रश्न : आमच्या सोसायटीमागून जे वाहतं त्याला जुनी माणसं ओढा म्हणतात, नव्या नकाशात 'नाला' लिहिलंय. अर्थात फरक आहे की नुसता प्रांतभेद?

उत्तर : दोन्ही. विदर्भात नाला म्हणजे साधा नैसर्गिक प्रवाह, त्या शब्दाला तिथे घाण चिकटलेली नाही. देशावर तोच ओढा, तळकोकणात व्हाळ, रत्नागिरीकडे पऱ्या. पण पुण्या-मुंबईत नाला म्हटलं की गटारच डोळ्यांपुढे येतं. मिठी ही नदी आहे हे कितीतरी मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर उमगलं, तोवर ती नालाच होती.

कायदा हा भेद मानत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रवाहाची व्याख्या केली आहे. तीत नदी येते, भूजल येतं आणि वाहता असो वा 'सध्या कोरडा', कुठलाही जलमार्ग येतो. हे 'सध्या कोरडा' मला फार मोलाचं वाटतं. आजोळी चैत्रात ओढा आटला की मामी वाळूत हातभर झिरा उकरायची. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायची, मग नितळ पाझरायचं ते वाटीवाटीने हंड्यात. आता तिथेच ट्रॅक्टरने राडारोडा ओततात आणि वर विचारतात, "पाणी कुठंय इथं?" कलम २४ प्रमाणे प्रवाहात घाण सोडायला बंदी आहेच, शिवाय प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असं काही टाकायलाही आहे.

प्रश्न : आणि 'पाणथळ'?

उत्तर : तिथे उलटं झालंय. बोलण्यातला शब्द ऐसपैस, २०१७ च्या केंद्रीय नियमांतला आखूड. नदीपात्र, भातखाचरं, मिठागरं, पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, सगळं वगळलेलं. नाशिक जिल्ह्यातलं पक्ष्यांचं नांदूर मधमेश्वर मात्र गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. पाणी कोणी अडवलं हे पक्षी बघत नाहीत. ही वगळणूक काढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही नकाशावर हरकत घेणार असाल तर 'नैसर्गिक प्रवाह' हेच शब्द लिहा, आणि ओढ्याचं जुनं नाव असेल तर तेही.

— आईला विचारलं. म्हसोबाचा ओढा. तेच लिहिते.