'मराठवाडा' पेपरवर भिंतचित्र काढायलोत, सल्ला द्या

कॉलनीतला_एक (छत्रपती संभाजीनगर)
मंडळी, आमच्याकडं साठेक फुटाची भिंत हाय, तिच्यावर 17 सप्टेंबरच्या आत 'मराठवाडा' पेपरचा इतिहास अन् आपल्याकडची लोककला असं मिळून चित्र काढायचं ठरलंय, रंग वर्गणीतून. आताच्या डिझाइनमधे मधोमध पेपर सुरू करणारे आ. कृ. वाघमारे आणि नंतरचे संपादक अनंत भालेराव, एका अंगाला गोंधळी-पोतराज, दुसऱ्या अंगाला पैठणी नि अजिंठा. मला सारखं वाटायलंय की हे बँकेच्या कॅलेंडरसारखं दिसंल, पेपर त्यात कुठंच नाही. काय बदलावं? आणि भिंतीला खालून लोणा (ओलीनं येणारा पांढरा क्षार) लागलाय, त्याचं पण सांगा.

ट्रेडलवाला
चेहरे लहान करा, छापखाना मोठा करा. कंपोझिटर (अक्षरं जुळवणारा) उभा, पुढं खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसी (खणांच्या पेट्या), डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हातानं न बघता एकेक खिळा उचलायलाय. काने, मात्रा, जोडाक्षरं सगळ्याला वेगळा खण, म्हणून मराठीच्या केसी इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठ्या, त्यातच तुमची अर्धी भिंत भरंल. फक्त पोरांना सांगा की खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, नाहीतर सुलटं काढतेत अन् माझ्यासारखे म्हातारे येऊन हसतेत. दुसरं म्हणजे 1938 ला सुरू झालेल्या ह्या पेपरवर निजामानं बंदी घातली की वाघमारे नाव बदलून काढायचे. दोरीवर वाळत घातल्यासारखे अंक काढा, मजकूर तोच, वर पेपरचं नाव दरवेळी निराळं. न वाचता पण कळंल.

परभणीकरीण
राग नका मानू पण विचारते. 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा ह्याच पेपरनं विरोध केला होता. त्या काळात गावोगाव दलितांची घरं जाळली, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत लोक झगडले. त्याला भिंतीवर जागा हाय का, का निजाम, आणीबाणीतला अनंतरावांचा तुरुंगवास आणि तिथून डायरेक्ट गोंधळी? त्या भिंतीवरून रोज सगळ्यांचीच लेकरं जातेत.

कॉलनीतला_एक
ताई खरंय. कमिटीत विषय निघाला होता, 'वाद नको' म्हणून गुंडाळला. परत काढतो. एका चौकटीत पेपरचा विरोध आणि त्याच चौकटीत नामांतरासाठीचा 1979 चा लाँग मार्च, असं मांडलं तर?

परभणीकरीण
चालंल. फक्त मार्चची माणसं कोपऱ्यात मुंगीएवढी नका काढू.

अंबाजोगाईचा_भाऊ
लांब भिंतीवर अक्षरं बसवायचीत तर आमच्याकडं येऊन दासोपंतांची पासोडी बघा. चाळीसेक फूट कापडावर पंचीकरण हा अख्खा ग्रंथ लिहिलाय, शेकडो वर्षांपूर्वी. आपल्याकडं भिंतचित्राला ह्याच्यापेक्षा चांगला गुरू नाही, अजिंठा तर सगळेच काढतेत.

रंगकाम_बीड
लोणा लागलेल्या जागी पुट्टी अजिबात मारू नका, एका पावसाळ्यात पापुद्रे निघतेत. आधी ओल कुठून येती ते शोधा, बहुतेक मागं नळ नाहीतर बागेचं पाणी असतंय. ढिला गिलावा ठोकून काढा, पांढरं तारेच्या ब्रशनं कोरडंच झाडा, पाणी मारलं की क्षार परत आत जातो. नवा गिलावा नीट सुकू द्या, मग प्राइमर, मग बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक. मे मधे भिंत तयार ठेवा, सप्टेंबरच्या तोंडावर धरलं तर पाऊस रडवंल. दुपारी तापल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो, तवा सकाळीच काम करा. आणि जमिनीपासून अडीच फूट गडद पट्टा सोडा, तिथं कुणाचाच चेहरा नको, पान खाणारे कमी नाहीत आपल्याकडं. भिंत पश्चिमेला हाय का? फोटो टाका.