रोमन सैनिकाला पगार मिठात मिळायचा? ‘वर्थ हिज सॉल्ट’चं खरं काय?

आगरातला

नमस्कार मंडळी. आम्ही पेडण्यातल्या आगरवाड्याचे. आज्याचं मिठागर होतं, बाबांनीही बरीच वर्षं केलं. मी पणजीत नोकरी करतो आणि मीठ पाकिटातलं खातो.

मुलगी आठवीत. इंग्रजीच्या प्रोजेक्टला माणसांच्या स्वभावावरचे दहा वाक्प्रचार घ्यायचे आणि प्रत्येकाचा उगम लिहायचा. पहिलाच ‘वर्थ हिज सॉल्ट’, म्हणजे घेतलेल्या पैशाचं काम करून दाखवणारा. तिने नेटवरून उतरवलं: रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे, त्यावरून ‘सॅलरी’ आणि त्यावरून हा वाक्प्रचार. बाईंनीही वर्गात हेच सांगितलेलं.

बाबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. वय 81. म्हणाले, “गे बाय, पगार मिठाचो? आनी पावस पडलो म्हणजे खंय दवरतलो?” (पाऊस पडला की ठेवणार कुठे?)

हा प्रश्न मीठ काढलेल्या माणसालाच पडणार. आमच्याकडे मे अखेरीला रास करून वरून चुडतं घालायचे, तरी पहिल्या सरीला खालून पाणी सुटायचंच. असला पगार पाठीवर घेऊन लढाईला कोण जाईल?

आता मुलगी रडकुंडीला आलीय. बाई खऱ्या की आजोबा? सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय.

डिचोलीचा मास्तर

आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची शंका रास्त आहे.

‘सॅलरी’ आणि मीठ यांचं नातं खरं. लॅटिन ‘सालारिउम’मध्ये ‘साल’ म्हणजे मीठ बसलेलं आहे. जुन्या गोंयकारांना पोर्तुगीज ‘सालारियु’ आठवत असेल, तोही त्याच घरातला. पण शब्दाचं नातं निराळं आणि पोत्याने पगार निराळा. सगळे बोट दाखवतात थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाकडे. हा गृहस्थ इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. आपल्या निसर्गेतिहासाच्या 31व्या भागात तो एवढंच म्हणतो की मिठाचा संबंध लष्करी सेवेच्या मानमरातबाशीही आहे आणि ‘सालारिउम’ हा शब्द त्यातून आला. सैनिकाच्या हातात मीठ मोजून दिलं, असं तो कुठेच म्हणत नाही. मीठ घ्यायला भत्ता मिळत असावा असं काहीजण मांडतात, पण तो अंदाजच.

पगार मात्र माहीत आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात साध्या पायदळ सैनिकाला वर्षाला 225 देनारियस, म्हणजे चांदीची नाणी. त्यातून जेवणाचे, कपड्यांचे कापून घ्यायचे. (सरकारी नोकरांनी हसू नये.)

पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य कोसळलं 476 मध्ये. हा इंग्रजी वाक्प्रचार छापलेला दिसू लागतो तो 19व्या शतकात. मधली हजार-तेराशे वर्षं तो कुठल्या कोठारात पडून होता?

आणि बाय, तुझ्या प्रोजेक्टमध्ये ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ जरूर लिही. आपल्या ‘नमकहराम’मधला नमक फारसी आणि हराम अरबी. रोमला न जाताही मिठावरून माणसाची पारख करता येते.

फोंड्याची डॉक्टर

दहांत ‘मॅड ॲज अ हॅटर’ असणारच, म्हणजे टोपीवाल्यासारखा ठार वेडा. त्याचीही ठरलेली गोष्ट आहे: टोप्या करणारे फेल्टसाठी (केस दाबून केलेलं जाड कापड) सशाच्या केसांना पाऱ्याचं नायट्रेट लावायचे, त्याची वाफ डोक्यात जायची आणि ते वेडे व्हायचे. पाऱ्याचा भाग पूर्ण खरा. अमेरिकेत डॅनबरी हे टोप्यांचं गाव होतं, तिथे कामगारांच्या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ असंच नाव पडलं होतं. तिकडे हा पारा 1941 मध्ये बंद झाला.

पण मेख अशी की पाऱ्याची विषबाधा झालेला माणूस कमालीचा बुजरा होतो, लोकांसमोर यायला घाबरतो. लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या गोष्टीतला हॅटर तर अखंड बडबड्या! साक्षीला उभा असताना तो थरथरतो खरा, पण ते राणीच्या धाकाने. 1983 मध्ये वॉल्ड्रन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच मुद्दा मांडला होता. शिवाय वाक्प्रचार कॅरलचा नाहीच. त्याचं पुस्तक 1865चं, आणि हे शब्द 1829 मध्येच ब्लॅकवुड्स मॅगझिनमध्ये छापून आले होते. कॅरलने त्याला ‘मॅड हॅटर’ असं एकदाही म्हटलेलं नाही, नुसतं ‘हॅटर’. पोरीने एवढं लिहिलं तरी बाई खूश होतील. किंवा होणार नाहीत.

बार्जवाला

मांडवीतल्या बार्जवर वीस वर्षं इंजिन सांभाळलं, म्हणून ‘द रिअल मॅकॉय’बद्दल दोन शब्द. म्हणजे अस्सल माल, अस्सल माणूस. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की एलायजा मॅकॉय या कृष्णवर्णीय इंजिनियरने चालत्या वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल घालणारं यंत्र काढलं, 1872चं पेटंट. नकली बरीच निघाली, म्हणून रेल्वेवाले ‘खरं मॅकॉयचंच द्या’ म्हणायचे. इंजिन थांबवून तेल घालणं काय असतं ते मला विचारा, त्या माणसाला माझा सलाम.

पण स्कॉटलंडमध्ये ‘द रिअल मकाय’ हे 1856 मध्येच छापलेलं आहे, तेही दारूच्या संदर्भात. पेटंटच्या सोळा वर्षं आधी! गंमत म्हणजे मॅकॉय स्वतः इंजिनियरिंग शिकला तो स्कॉटलंडलाच.

सुशेगाद_मडगाव

पात्रांव, पोर आठवीत आहे, पीएचडीला नाही. गोष्ट असली की वाक्प्रचार लक्षात राहतो. राहू दे की मीठ.

डिचोलीचा मास्तर

तुमचंच नाव घ्या. पोर्तुगीज ‘सोसेगादु’ म्हणजे शांत, निवांत. बाहेरच्यांनी त्याचा अर्थ आळशी केला आणि आख्ख्या गोव्याच्या कपाळावर चिकटवला. उद्या कोणी त्याचीही छान गोष्ट रचेल, ती चालेल तुम्हाला?

सुशेगाद_मडगाव

ते चालणार नाही. 😄

आगरातला

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की 225मधून कापून हातात किती पडायचे. मास्तर, हे तुमच्याकडे.

मुलीने रोमन मीठ खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, ‘असं म्हणतात, पण प्लिनी असं म्हणत नाही.’ हॅटरला पूर्ण पान दिलं. बाबांनी हौसेने आगरवाड्याच्या जाड्या मिठाची पुडी दिली, ती तिने पहिल्याच पानावर चिकटवली. दिवस जुलैचे. सकाळी दप्तर भरताना बघतो तर पुडीखालचं पान चिंब, ‘सॅलरी’ शब्दाची शाई पसरलेली. बाबा अजून हसतायत. ती तेच पान घेऊन शाळेत गेलीय.