दहावीतल्या मुलाचा संताप: स्वभाव समजावा की उपचार करावेत?

प्रश्न (रावेर तालुका)
माझा मुलगा लहानपणापासूनच हट्टी. भूक लागली की घर डोक्यावर घेणारा, नवा माणूस दिसला की पदराआड लपणारा. दिवाळीपासून मात्र तो साध्या बोलण्यावरही भडकतो. परवा काकांनी पाहुण्यांदेखत गुणांचा विषय काढताच त्याने कळण्याच्या भाकरीचे ताट भिरकावले आणि रात्री उशिरापर्यंत केळीच्या बागेत जाऊन बसला. घरचे म्हणतात, आजोबांवर गेला आहे, दोन फटक्यांत सरळ होईल. मला हे पटत नाही.

उत्तर (धुळे, निवृत्त शिक्षक)
ताई, फटके नकोतच. तापट मुलगा चारचौघांतला पाणउतारा विसरत नाही. तोच विषय एकांतात काढला तर निदान ऐकून तरी घेतो. शिवाय या वयात झोप मुळातच उशिरा येते. रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करायला त्यालाच पाठवत असाल आणि पहाटे शिकवणी असेल, तर चिडचिड होणारच.

उत्तर (जळगाव, समुपदेशक)
स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा तान्हेपणापासून अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांच्या मते मुलाचा स्वभाव कठीण असला म्हणून तो बिघडतोच असे नाही. त्या स्वभावाचा आणि घरच्या अपेक्षांचा मेळ बसला नाही, की तक्रारी वाढतात. त्यामुळे हट्टीपणा आजोबांच्या खात्यावर खुशाल टाका, परंतु दिवाळीनंतरचा बदल वेगळा मोजा. झोप, भूक, मित्र, आवडते खेळ यांतले काय सुटले आहे, ते पाहा. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मरणाची भाषा निघाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे आजपासूनच कुलपात ठेवा. शेतकरी घरात हे मी प्रत्येकालाच सांगतो.

प्रश्नकर्ती
क्रिकेट सुटलेले नाही, जेवण मात्र निम्म्यावर आले आहे. मोटारीचे काम त्याच्याकडेच होते; ते आता त्याचे वडील पाहतील. शाळेत सांगावे का?

उत्तर (धुळे)
वर्गशिक्षकांना एकट्यांना भेटून सांगा, आणि आधी मुलाला विचारून.