मदत हवी आहे : फोनची बॅटरी दुपारीच संपते, सर्वांत जास्त बॅटरीचा फोन कोणता घ्यावा?

हिर्डोशी_खोरे
मी भोर तालुक्याच्या पश्चिम भागात ई-पीक पाहणीचा (शेतातील पिकाची मोबाइल ॲपवरून होणारी सरकारी नोंद) सहायक म्हणून काम करतो. सकाळी पूर्ण चार्ज करून निघालेला फोन दुपारच्या जेवणापर्यंत बंद पडतो आणि राहिलेले जमिनीचे गट दुसऱ्या दिवसावर जातात. शेतात उभे राहून फोटो काढल्याशिवाय पिकाची नोंद होत नाही, त्यामुळे घरी येऊन काम उरकण्याची सोय नाही. खरिपाची मुदत जवळ आली आहे. शनिवारी पुण्याला जाणार आहे, तेव्हाच नवा फोन घ्यायचा आहे. सर्वांत जास्त बॅटरीचा फोन कोणता, एवढेच कृपया सांगावे. पडद्याचा प्रकाश कमी करण्याचा सल्ला देऊ नये, कारण उघड्यावर पडदा दिसलाच नाही तर गट नंबर वाचता येत नाही.

करवंद
आताचा फोन किती जुना आहे, त्यात किती सिम आहेत, शिवारात रेंज कशी असते आणि अंदाजपत्रक किती आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे. सेटिंगमधील बॅटरीच्या पानावर कोणत्या गोष्टीने किती टक्के खर्च झाला तेही दिसते. ते पाहून येथे लिहावे.

सात_हजारी
एवढी चौकशी कशाला? सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्या आल्यापासून जाडी फारशी न वाढवता क्षमता बरीच वाढली आहे. २०२५ मध्ये आलेल्या आयक्यू झेड१० आणि विवो टी४ या दोन्ही फोनमध्ये ७३०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे एकक) बॅटरी आहे. मी अशाच क्षमतेचा फोन वापरतो आणि दिवसभर चार्जरची आठवणही होत नाही. डोळे मिटून घ्या.

जुना_तंत्रज्ञ
डोळे मिटून घेऊ नका. एमएएचचा आकडा म्हणजे केवळ टाकीची क्षमता. नळ किती सोडला आहे हे त्यावरून कळत नाही. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १ या चिप, म्हणजे फोनचे मुख्य प्रोसेसर, पाहा. रचना जवळजवळ तीच, परंतु पहिली सॅमसंगच्या कारखान्यात आणि दुसरी तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यात तयार झाली. दुसरी कमी वीज खाते आणि कमी तापते, हे तेव्हाच्या अनेक चाचण्यांत दिसले. म्हणून आधी चिप पाहावी आणि नंतर बॅटरी.

सात_हजारी
विचारणाऱ्याला शेतात काम करायचे आहे, चिपचा अभ्यास करायचा नाही. त्या किमतीच्या फोनमध्ये तुम्ही म्हणता त्या महागड्या चिप येतही नाहीत.

आबा_सातारकर
आमच्या अनुभवाने सांगतो, महिन्यातून एकदा फोन पूर्ण शून्यावर आणून रात्रभर चार्ज करावा, म्हणजे बॅटरी पुन्हा ताजी होते.

जुना_तंत्रज्ञ
आबा, आदराने सांगतो, तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी केल्याने ताजी होत नाही, उलट वारंवार शून्यावर नेल्यास तिचे आयुष्य घटते. फार तर टक्केवारीचा चुकलेला अंदाज सुधारतो. या बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास राहणे या दोन गोष्टी मानवत नाहीत. म्हणूनच हल्ली अनेक फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिलेली असते.

हिर्डोशी_खोरे
मी फोनचा प्रश्न विचारला होता, बॅटरीचा इतिहास नव्हे. तरीही माहिती देतो. फोन तीन वर्षांहून जुना असून बॅटरी ५००० एमएएचची आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळी चर्चा त्या कंपनीवरच होईल. सिम दोन आहेत; एकाला गावात बरी रेंज येते, दुसऱ्याला ओढ्यापलीकडे अजिबात येत नाही, पण बँकेचे संदेश त्यावर येतात म्हणून ते ठेवले आहे. ५जी चालू असते. अंदाजपत्रक अठरा हजारांपर्यंत आहे. बॅटरीच्या पानावर सर्वांत वर ‘मोबाइल नेटवर्क’ आहे, पडदा तिसऱ्या क्रमांकावर आहे.

करवंद
मग मुख्य दोष बॅटरीचा नाही, रेंजचा आहे. टॉवर दूर असला किंवा मध्ये डोंगर आला की फोन आपला संदेश पोहोचवण्यासाठी जास्त जोराने प्रक्षेपण करतो. जवळच्या टॉवरपाशी ज्या कामाला अत्यल्प वीज पुरते, त्याच कामासाठी तो सुमारे २०० मिलिवॅटच्या कमाल मर्यादेपर्यंत जातो. ज्या सिमला रेंजच नाही, त्याच्यासाठी तो पुन्हा पुन्हा नेटवर्क शोधत राहतो, आणि हा खर्च पडदा बंद असतानाही चालू असतो. ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली डीबीएममध्ये (संकेताची ताकद मोजण्याचे एकक) आकडा दिसतो. उणे ८५ चांगला, उणे ११० च्या पुढे वाईट. दर दहा अंकांना संकेत दहापट क्षीण होतो, म्हणजे उणे ८७ आणि उणे ११७ यांत हजारपटीचा फरक असतो.

शिवारात गेल्यावर दुसरे सिम सेटिंगमधून बंद करावे, ५जीऐवजी फक्त ४जी निवडावे आणि नोंद साठवून नंतर पाठवता येत असेल तर दोन गटांमध्ये चालताना विमान मोड लावावा. आजच्या बहुतेक फोनमध्ये त्या मोडमध्येही जीपीएस चालू राहते.

जुना_तंत्रज्ञ
विमान मोडबाबत एक दुरुस्ती आवश्यक आहे. फोन उपग्रहांच्या स्थानांची माहिती एरवी इंटरनेटवरून झटकन घेतो. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहाकडूनच, सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने यावी लागते. त्याला निदान अर्धा मिनिट जातो आणि झाडीत त्याहून बराच जास्त. म्हणून गाव सोडण्यापूर्वी, रेंज असतानाच, नकाशा उघडून एकदा स्थान पक्के करून घ्यावे. ती माहिती पुढे काही तास उपयोगी पडते.

राईनकाठ
मी जर्मनीत राहतो. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता राखणारी असावी, असा नियम लागू झाला आहे. फोनवर ऊर्जेचे लेबलही असते. आपल्याकडेही असा नियम यावा असे मनापासून वाटते.

हिर्डोशी_खोरे
नियम येईल तेव्हा येईल, माझी मुदत त्याआधी संपेल. करवंद यांनी सांगितलेला आकडा ओढ्यापलीकडे उणे ११८ आला. आज दुसरे सिम बंद ठेवले आणि ४जी निवडले. फोन दुपारी बंद पडला नाही, परंतु चारच्या सुमारास संपलाच. म्हणजे नवा फोन लागणारच ना? की पॉवर बँक पुरेल?

सात_हजारी
मी तेच म्हणत होतो. घ्या मोठी बॅटरी.

पावशी
पॉवर बँक चालेल, पण १०००० एमएएच लिहिले आहे म्हणून तुमचा फोन दोनदा भरेल असे धरू नये. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टवर नेताना आणि उष्णतेत जाणारी घट धरली तर सहा-साडेसहा हजारच हाती येतात. शिवाय पावसात केबल लावताना फोनचे चार्जिंगचे तोंड कोरडे असल्याची खात्री करावी. ओल असताना चार्जिंग केल्यास तेथील धातू गंजतो.

करवंद
शनिवारी आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा. तीन वर्षे रोज चार्ज झालेल्या बॅटरीत मूळची क्षमता उरलेली नसते, आणि ती बदलणे नव्या फोनपेक्षा खूपच स्वस्त पडते. तरीही नवा घ्यायचाच असेल, तर सात_हजारी यांनी सांगितलेल्या क्षमतेचे फोन अवश्य पाहावेत, कारण तुमच्या कामाला मोठी बॅटरी उपयोगी आहेच. मात्र दुकानात एमएएचबरोबर ४जीचे बँड ५, ८ आणि २८ आहेत का तेही तपासून घ्यावे. ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्‌झच्या या कमी वारंवारितेच्या लहरी डोंगराळ भागात जास्त दूर पोहोचतात. ज्या सिमला गावात रेंज आहे, ते कोणत्या कंपनीचे आहे हे मात्र तुम्ही अजून सांगितलेले नाही. त्यावरून यांपैकी कोणता बँड तुमच्या खोऱ्यात महत्त्वाचा आहे ते ठरेल.