लाळेतलं प्रोटीन कमी झालं की दात किडतात का? पावडर खाऊन वाढेल का?

कोरडाठाक:
गेले सहा महिने ॲलर्जीची गोळी रोज रात्री घेतोय, तेव्हापासून तोंड इतकं सुकतं की पहाटे जीभ टाळूला चिकटलेली असते. दोन वेळा ब्रश करूनही हिरडीला लागून दोन दात किडले. डेंटिस्ट म्हणाल्या लाळ कमी पडतेय, लाळेतली प्रोटीनं दात सांभाळतात. मग प्रोटीन पावडर घेतली तर? हसू नका, खरंच विचारतोय.

दातखिळी:
हसलो, सॉरी 😄 नाही हो, पावडर पोटात जाऊन पचते, लाळेतली प्रोटीनं लाळग्रंथी स्वतः बनवतात. त्यात पावडर गोड असेल तर दातांना उलट साखरच.

बीडीएस_तिसरं_वर्ष:
लाळ म्हणजे 99 टक्के पाणीच, प्रोटीन अगदी चिमूटभर, पण कामं बघा. लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट इतकं ठासून भरलेलं असतं की खरं तर त्याचे खडे व्हायला पाहिजेत, स्टॅथेरिन नावाचं प्रोटीन ते होऊ देत नाही, म्हणून ते इनॅमलच्या (दाताच्या वरच्या कडक आवरणाच्या) डागडुजीला मिळत राहतं. बुळबुळीतपणा म्युसिनचा. हिस्टॅटिन बुरशीला आवरतं, लायसोझाइम बॅक्टेरियाची भिंत फोडतं (हे फ्लेमिंगचं, 1922 चं, पेनिसिलिनच्या आधीचं, आणि सापडलं कुठे तर सर्दीच्या शेंबडात). ब्रश केल्यावर काही मिनिटांत प्रोटीनचा पातळ थर दातावर परत चढतो, पेलिकल म्हणतात त्याला, आणि गंमत म्हणजे बॅक्टेरिया त्यालाच धरून बसतात, त्यामुळे जास्त प्रोटीन म्हणजे चांगलंच असं काही नसतं. तुमच्याकडे लाळच कमी आहे. झोपेत ती तशीही जवळजवळ थांबते, त्यात तुमची गोळी रात्रीची, मग बॅक्टेरिया साखरेपासून जे ॲसिड बनवतात ते धुणार कोण? हिरडीलगतची कीड कोरड्या तोंडात नेहमी दिसते. फ्लोराइडचं विचारा डेंटिस्टना.

अक्कलदाढ:
गोळी मनाने बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारा बदलून मिळते का. तोवर बिनसाखरेचं च्युइंगगम, चघळलं की लाळ सुटते. माझं उलटं आहे, लाळेचा पूर, आणि खालच्या पुढच्या दातांना आतून सारखं टार्टर (दातावर जमणारा कडक थर), कारण लाळेच्या नळ्या तिथेच जिभेखाली उघडतात.

कोरडाठाक:
आत्ताच जीभ वर करून आरशात बघितलं, दोन बारीक उंचवटे खरंच आहेत तिथे! पावडरचा डबा भावाला दिला. गोळीचं उद्या विचारतो.