इंटरनेटचा वापर वाढतो आहे, मग नेटवर्क उपकरण कंपन्यांचे शेअरही वाढतीलच का?

जिज्ञासू: व्हिडिओ, क्लाउड आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे जगभरातील डेटाची वाहतूक वाढतच आहे आणि ती शेवटी राउटर, स्विच व ऑप्टिकल उपकरणांतूनच जाते. असे असताना सिस्को, नोकिया, एरिक्सन किंवा अरिस्टा यांच्या शेअरना दीर्घकाळ मागणी राहील, हे गृहीत धरावे का?

ताळेबंद: उपकरण कंपनीला वाहतुकीचे पैसे मिळत नाहीत. दूरसंचार किंवा क्लाउड कंपनी नवी क्षमता विकत घेते तेव्हाच तिची विक्री होते आणि ही खरेदी लाटांसारखी येते. शिवाय एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींचा प्रकाश पाठवता येऊ लागल्यापासून, तसेच उपकरणातील पोर्टचा, म्हणजे केबल जोडण्याच्या जागेचा, वेग सेकंदाला 100 गिगाबिटवरून 400 आणि 800 वर गेल्यापासून, प्रत्येक बिट वाहून नेण्याचा खर्च सतत घसरत आला आहे. त्यामुळे वाहतूक दुप्पट झाली तरी उपकरणांवरचा खर्च दुप्पट होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटची वाहतूक दर 100 दिवसांनी दुप्पट होते, असे सर्रास सांगितले जात असे. प्रत्यक्षात ती साधारण वर्षाला दुप्पट होत होती, आणि हा वेगही काही थोडाथोडका नव्हे. मार्च 2000 मध्ये सिस्को काही काळ जगातील सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी ठरली. पुढच्याच वर्षी तिला 2 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा न विकलेला माल निर्लेखित करावा, म्हणजे तोटा म्हणून हिशेबातून काढून टाकावा लागला. नॉर्टेल या कॅनडातील उपकरण कंपनीने तर 2009 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. या सगळ्या काळात इंटरनेटचा वापर एकदाही थांबला नव्हता.

मध्यममार्गी: इतिहास मान्य आहे, परंतु तेव्हाचे अनेक ग्राहक कर्ज काढून जाळी उभारणाऱ्या दूरसंचार कंपन्या होते, तर आजचे सर्वांत मोठे खरेदीदार भरघोस नफा कमावणाऱ्या क्लाउड कंपन्या आहेत. आजची बरीचशी मागणी डेटा सेंटरच्या आत हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडण्यासाठी असते, त्यामुळे सामान्य माणूस किती व्हिडिओ पाहतो याच्याशी तिचा संबंध दूरचाच आहे. जोखीम ग्राहक मोजकेच असण्यात आहे: अरिस्टाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मायक्रोसॉफ्ट आणि मेटा या दोघांकडूनच येतो.

जिज्ञासू: मग वापराच्या आकड्यांऐवजी नेमके काय पाहावे?

ताळेबंद: आधी ग्राहक कंपन्यांनी जाहीर केलेला भांडवली खर्च पाहावा, मग उपकरण कंपनीचे ढोबळ नफ्याचे प्रमाण (विक्रीतून मालाचा उत्पादन खर्च वजा जाता उरणारा हिस्सा) आणि मालाचा साठा. नुसत्या ऑर्डरवर मात्र विसंबू नये. चिपटंचाईच्या काळात ग्राहकांनी माल वेळेत मिळावा म्हणून आगाऊ मागण्या नोंदवल्या, नंतर तो साठा वापरून संपेपर्यंत नवी खरेदी रोखून धरली आणि सिस्कोचे 2024 या आर्थिक वर्षातील उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा घटले.