पार्किंगवाल्यांचं १०० पौंडांचं पत्र : भरावं की भांडावं?

हाउन्सलोकर
मंडळी, सल्ला हवाय. रिटेल पार्कात, म्हणजे मोठ्या दुकानांच्या संकुलात, दोन तास फुकट पार्किंग. शनिवारी गाडी ४:०२ ला आत गेली, ६:१६ ला बाहेर पडली. बाराव्या दिवशी घरी पत्र आलं: १०० पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर ६०. सोबत नंबरप्लेटचे दोन धुरकट फोटो, एक आत शिरतानाचा, एक बाहेर पडतानाचा. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांच्या मापाचा थंडीचा कोट मिळेपर्यंत उशीर झाला. त्यात बाहेर पडायला सिग्नलपर्यंत गाड्यांची रांग. गाडी माझ्या नावावर आहे. घरून आदेश आहे की भर आणि विषय संपव. पण चौदा मिनिटांचे साठ पौंड द्यायला हात धजावत नाही. अपील करावं का?

निवांत_नाना
भरून टाका हो. पत्रं लिहिणार, पुरावे जोडणार, महिनाभर पोस्टमनची वाट बघणार, आणि शेवटी साठाचे शंभर देणार. तुमच्या शनिवार-रविवारची काही किंमत आहे की नाही? दोन तास लिहिलेत, सव्वादोन थांबलात. संपलं.

लेस्टरची_लेक
नानांशी साफ असहमत. धागाकर्ते, पहिली गोष्ट: हा दंड नाही. कौन्सिलचं किंवा पोलिसांचं पत्र वेगळं, हे वेगळं. कौन्सिलच्या आणि कंपनीच्या, दोन्ही पत्रांना पीसीएनच म्हणतात (तिथे ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, इथे ‘पार्किंग चार्ज नोटीस’) आणि लोक तिथेच घाबरतात. हे एका कंपनीने पाठवलेलं करारभंगाचं बिल आहे. दुसरी गोष्ट: गाडी कोण चालवत होतं ते कंपनीला सांगू नका, इथेही लिहू नका. २०१२ च्या कायद्याने चालक माहीत नसेल तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येतात, पण त्यासाठी कंपनीला अटी पाळाव्या लागतात. काचेवर काही चिकटवलं नसेल तर पत्र चौदा दिवसांच्या आत पोचलं पाहिजे. तुमचं बाराव्या दिवशी आलं, म्हणजे तो मुद्दा गेला. पण पत्रात कायद्याला हवा तो मजकूर आहे का, ते ओळ न् ओळ वाचा.

जुना_वेम्बलीकर
कसलं अपील न् कसलं काय. सरळ कचऱ्यात टाका. मी अशी कितीतरी पत्रं टाकली, कोणी कुत्रं विचारत नाही.

स्लाउचा_वकीलबुवा
काका, तो सल्ला २०१२ च्या आधीचा. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात निकाल दिला. चेम्सफर्डचं रिटेल पार्क, दोन तास फुकट, माणूस जवळजवळ तासभर जास्त थांबला, बिल ८५ पौंड. रक्कम अवाजवी आहे हा त्याचा दावा फेटाळला गेला. तेव्हापासून कंपन्या कोर्टात जातात, आणि ढिगाने जातात. दावा लागला की शंभराचे साधारण अडीचशे होतात: वसुलीचे ७०, कोर्ट फीचे ३५, वकिलाचे ५०.
आणि उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी निकाल. माझ्या ओळखीतलं एक जोडपं मिल्टन कीन्सला राहायला गेलं, गाडीच्या कागदांवर पत्ता जुनाच राहिला. सगळी पत्रं जुन्या घरी. घराचं कर्ज काढायला गेले तेव्हा कळलं की नावावर सीसीजे (पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल) आहे. महिन्याच्या आत पैसे भरले तर ती नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते. भरा नाहीतर भांडा, पण गप्प बसू नका.

जुना_वेम्बलीकर
म्हणजे नानांचंच खरं म्हणायचं.

लेस्टरची_लेक
नाही काका. गप्प बसणं आणि अपील करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि याच बीव्हिस खटल्यात एक गंमत आहे. तिथे पार्किंगवाली कंपनी जागामालकाला आठवड्याला १,००० पौंड देत होती. पैसे घेऊन राखण नव्हे, पैसे देऊन राखण! मग ते वसूल कुठून होणार? तुमच्या-माझ्या चौदा मिनिटांतून. म्हणून मला ‘नियम म्हणजे नियम’ ऐकलं की राग येतो.

दुकानदार_दादा
माझी बाजूही ऐका. माझं किराण्याचं छोटं दुकान आहे, समोर बारा गाड्यांची जागा, पलीकडे ट्यूब स्टेशन. मर्यादा लावायच्या आधी सकाळी आठला बाराच्या बारा जागा भरायच्या, लोक गाडी लावून ऑफिसला जायचे ते संध्याकाळीच उगवायचे. दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन गिऱ्हाईक कुठवर चालणार? कॅमेरा बसला आणि धंदा सावरला. माझं गिऱ्हाईक अडकलं तर मी स्वतः कंपनीला मेल टाकून पत्र रद्द करून घेतो. पण फुकटची जागा म्हणून कसंही वागायचं आणि वर कंपनी चोर म्हणायचं, हे पटत नाही.

हाउन्सलोकर
दादा, आम्ही गिऱ्हाईकच होतो. १४० पौंडांची पावती आहे.

दुकानदार_दादा
मग इथे काय बसलायत? पावती घेऊन त्या दुकानाच्या मॅनेजरला भेटा. गिऱ्हाईक-सेवेच्या टेबलाशी नको, मॅनेजरलाच. जागेच्या मालकाने किंवा मोठ्या भाडेकरूने सांगितलं की पत्र पुष्कळदा तिथेच मरतं.

स्लाउचा_वकीलबुवा
हे बरोबर, पण मॅनेजरच्या भरवशावर मुदत घालवू नका. कंपनीकडे अपीलही टाका. तुमचा मुद्दा दुबळा नाही. पार्किंग संघटनांच्या नियमावलीत वेळ संपल्यावर किमान दहा मिनिटांची सवलत आहे, म्हणजे वाद चार मिनिटांचा. आणि कॅमेरा गाडी फाटकातून आत-बाहेर गेल्याची वेळ टिपतो, उभी किती वेळ होती ते नाही. जागा शोधण्यात आणि रांगेत गेलेला वेळ त्यातच धरलाय. डॅशकॅम असेल तर रांगेचं चित्रण काढा. कोटाचं कारण मात्र लिहू नका, त्याला अपिलात किंमत नाही.

निवांत_नाना
आणि पाटीवर ‘आत आल्यापासून दोन तास’ असं लिहिलेलं असलं तर? मग तुमचं रांगपुराण कोण ऐकतो? साठ पौंडांत झोप विकत मिळतेय, घ्या.

लेस्टरची_लेक
नाना, चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अपील केलं तर ते फेटाळल्यावर सवलतीचा दर बहुधा पुन्हा देतात. पत्राच्या मागे बारीक अक्षरांत तसं आहे का बघा. म्हणजे पहिल्या अपिलात जातं काय? एक मेल. धोका पुढच्या पायरीला आहे. पॉपलाकडे, म्हणजे कंपनीबाहेरच्या अपील-सेवेकडे, गेलात की ६० चा दर संपला, हरलात तर १००.

ग्लासगोची_गौरी
पॉपला सगळ्यांनाच मिळत नाही हं. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत: कंपनी बीपीएची सभासद असेल तर अपिलाला पॉपला, आयपीसीची असेल तर आयएएस. पत्रावरचं बोधचिन्ह बघा. पॉपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. आयएएसबद्दल मात्र मी फारसं बरं ऐकलेलं नाही. (आमच्या स्कॉटलंडमध्ये तो २०१२ चा मालकाला धरायचा नियम लागू नाही, म्हणून या धाग्यावरचा सल्ला इकडे चालवू नका.)

निवांत_नाना
एक विचारू? चालक कोण ते लपवायचं, हे आपल्या संस्कारात बसतं का?

लेस्टरची_लेक
खोटं बोला असं कोणी म्हटलं? खासगी कंपनीला ते सांगायची तुमच्यावर सक्ती नाही, इतकंच. ‘गाडीचा नोंदणीकृत मालक या नात्याने’ अशी सुरुवात करा, त्यात काय खोटं?

निवांत_नाना
मला नाही पटत. पण ठीक.

हाउन्सलोकर
आज जाऊन आलो. पाटी खांबावर माझ्या डोक्याच्या वर, ‘दोन तास’ मोठ्या अक्षरांत, १०० पौंड पार खाली. फोटो काढले. वेळ कधीपासून मोजणार ते पाटीवर कुठेच नाही. मॅनेजरबाईंनी पावती बघितली, ‘कळवते’ म्हणाल्या. कंपनीकडे अपील रात्री टाकतोय. ते फेटाळलं तर पॉपला की साठ, हे घरात ठरायचंय. सासूबाई म्हणतात पॉपला.

दुकानदार_दादा
सासूबाईंना नमस्कार. आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते.